आधी ठिपका, मग रेघ, मग लाट : व्हॉल्व्हच्या जुन्या ऑसिलोस्कोपची रचना आणि तो जिवंत करण्याची रीत

भुसावळला रेल्वे आहे, आयुधनिर्माणी आहे, जवळच दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्यामुळे तिथल्या भंगारात रेडिओ-टीव्हीवाल्याच्या नजरेला काय पडेल याचा नेम नसतो. दोन वर्षांपूर्वी पितळी नळ शोधायला गेलो होतो, तर पत्र्याच्या ढिगाखाली एक गोल काच दिसली. भंगारवाला मूळचा अमळनेरकडचा. त्याने खोकं ओढून बाहेर काढलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हाई काय शे भो? जुना टीव्ही शे का?" मी म्हटलं, टीव्हीचा आजोबा समज. वजनावर दिला, अठरा किलो भरला.

तो पाच इंची पडद्याचा व्हॉल्व्हचा ऑसिलोस्कोप होता: बदलतं व्होल्टेज पडद्यावर लाटेसारखं काढून दाखवणारं यंत्र, ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारं. नावाची पट्टी निघालेली, मागची वायर उंदरांनी कुरतडलेली. आज तो माझ्या टेबलावर चालतो. माझा भाचा धुळ्याला इंजिनीअरिंग करतो. तो म्हणाला, "मामा, एवढ्या उस्तवारीत तळहातावर मावणारा डिजिटल स्कोप आला असता." खरं आहे, आणि रोजच्या रिपेअरिंगला तोच घ्यावा. पण त्या डबीत सगळं एका आयसीच्या पोटात असतं. इथे प्रत्येक काम कुठला व्हॉल्व्ह करतो ते बोट ठेवून दाखवता येतं. अर्थात प्लग काढल्यावर.

माझी रीत साधी आहे. आधी पडद्यावर ठिपका आणायचा. ठिपक्याची रेघ करायची. मग रेघेवर लाट चढवायची. बहुतेक जण उलट करतात: सिग्नल इनपुटला शिरतो म्हणून इनपुटपासून तपासत जातात. मीही पहिले आठ दिवस तसेच घालवले. पण स्कोपची आखणी करणारा इनपुटपासून सुरुवात करत नाही. तो आधी ट्यूब, म्हणजे पडद्याची नळी, निवडतो. ट्यूब सांगते किती व्होल्ट लागतील, त्यावरून ॲम्प्लिफायर ठरतो, त्यावरून सप्लाय आणि ट्रान्सफॉर्मर. ज्या क्रमाने आखला त्याच क्रमाने उठवला की गुंता होत नाही.

ट्यूब काय मागते

कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये कॅथोड किरणांची ही नळी केली. तिचं तत्त्व तेव्हापासून फारसं हललेलं नाही. मागे हीटरने तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो. त्याच्यासमोर ग्रिड असते; ती कॅथोडपेक्षा जितकी निगेटिव्ह तितका ठिपका मंद. पुढे फोकसचा ॲनोड, मग शेवटचा ॲनोड. त्यानंतर प्लेटांच्या दोन जोड्या: एक ठिपका वर-खाली नेते, दुसरी डावी-उजवीकडे.

जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला प्लेटा नसतात, मानेवर कॉइल असते. कॉइलने किरण भरपूर वाकतो, म्हणून टीव्हीची ट्यूब आखूड आणि पडदा मोठा. पण कॉइलमधला करंट झटकन बदलता येत नाही. टीव्हीला ठरलेल्याच वेगाने रेघा ओढायच्या असतात, त्याला ते चालतं. स्कोपला समोर येईल तो सिग्नल जसाच्या तसा दाखवायचा असतो, म्हणून तिथे प्लेटा आणि लांबलचक मान.

प्लेटांना किती व्होल्ट लागतील याचा हिशोब अवघड नाही. प्लेटेची लांबी गुणिले प्लेटेपासून पडद्यापर्यंतचं अंतर. याला भागायचं दोन प्लेटांमधल्या फटीच्या दुपटीने आणि ॲनोडच्या व्होल्टेजने. समजा प्लेट ३ सेंमी, पडदा २४ सेंमीवर, फट ०.६ सेंमी आणि ॲनोडला १,२०० व्होल्ट. ७२ भागिले १,४४० म्हणजे व्होल्टमागे ०.०५ सेंमी. उलटं करा: एक सेंटिमीटर हलवायला २० व्होल्ट. आठ सेंटिमीटर उंच लाट हवी तर प्लेटांवर १६० व्होल्टचा हेलकावा लागेल.

आता या सूत्रात ॲनोड व्होल्टेज खाली, म्हणजे भाजकात बसलंय, हे बघा. व्होल्टेज वाढवलं तर ठिपका उजळ आणि बारीक होतो, पण वाकवायला तेवढाच जड जातो. दुप्पट केलं की ॲम्प्लिफायरकडून हेलकावाही दुप्पट मागावा लागतो. जुन्या स्कोपची अर्धी आखणी म्हणजे या एका ओढाताणीवर केलेली तडजोड असते.

सप्लाय उलटा का असतो

माझ्यासारख्या रेडिओवाल्याचं डोकं पहिल्यांदा इथे फिरतं. रेडिओत हायटेन्शन (व्हॉल्व्हना लागणारं मोठं व्होल्टेज) पॉझिटिव्ह असतं आणि चासी (पत्र्याचा सांगाडा) शून्यावर. स्कोपमध्ये नेहमीचा तीनशे-साडेतीनशे पॉझिटिव्ह असतोच, शिवाय एक हजार-बाराशेचा निगेटिव्ह असतो. ट्यूबचा कॅथोड उणे ११०० वर टांगलेला, आणि शेवटचा ॲनोड चासीच्या आसपास, शंभर-दीडशेवर.

कारण सरळ आहे. कॅथोड शून्यावर ठेवला असता तर ॲनोड आणि त्याच्याबरोबर सगळ्या प्लेटा अधिक बाराशेवर गेल्या असत्या. मग ॲम्प्लिफायर आणि प्लेटांच्या मध्ये हायव्होल्टेजचे कंडेन्सर घालावे लागले असते आणि डीसी सिग्नल कधीच दिसला नसता. उलटं केल्यामुळे व्हॉल्व्हच्या ॲनोडची वायर थेट प्लेटेला जोडता येते.

याची किंमत ट्रान्सफॉर्मर भरतो. ट्यूबचा हीटर कॅथोडला बांधलेला असतो, म्हणजे ६.३ व्होल्टचं ते किरकोळ वाइंडिंग चासीपासून हजार-बाराशे व्होल्ट अंतरावर असतं. इन्सुलेशन फाटतं ते बहुधा इथेच. आपल्याकडे गावोगावी शेतीपंपाच्या मोटारी भरणारे आहेत, त्यांच्याकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असतो. ट्यूबच्या हीटरच्या दोन्ही वायरी सर्किटमधून सोडवा आणि मगच वाइंडिंग ते चासी तपासा. सोडवल्या नाहीत तर मेगर फोकसच्या साखळीचेच (रेझिस्टन्सची माळ, ती पुढे येईल) दोन-अडीच मेगओहम दाखवेल आणि तुम्ही चांगला ट्रान्सफॉर्मर फेकून द्याल. माझा स्कोप पावसाळ्यात हाती लागला होता. मेगर फारच खाली दाखवत होता. तो तसाच कपाटात ठेवला आणि पुढच्या मे महिन्यात गच्चीवरच्या बंद खोलीत आठ दिवस भाजू दिला. जळगावचा उन्हाळा कशाला तरी कामी येतो.

प्लग लावायच्या आधी

ज्याने आजवर फक्त ट्रान्झिस्टरचीच कामं केलीत त्याने हे एकट्याने करू नये. टीव्हीवाले म्हणतात, आम्ही वीस हजारांशी खेळलो, बाराशेचं काय घेऊन बसलात! जुन्या टीव्हीतले वीस हजार फ्लायबॅकमधून (हायव्होल्टेजच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून) येतात, त्यात करंट द्यायची ताकद जेमतेम असते. असल्या स्वस्त, जुन्या स्कोपचे बाराशे थेट मेन ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून येतात. तो झटका सोडत नाही.

प्लग काढल्यावर गंमत उलटी होते. हायव्होल्टेजचा कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचा असेल तर बाराशे व्होल्टला त्यात ०.०७ ज्यूल उरतात. साडेतीनशेच्या फिल्टरचा ४० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मात्र जवळजवळ अडीच ज्यूल धरून बसतो, म्हणजे चौतीस पट. त्यामुळे दोन्ही रिकामे करायचे. स्क्रूड्रायव्हरने फट्टकन शॉर्ट करू नका. २२ किलोओहम, २ वॅटचे पाच रेझिस्टन्स एकापुढे एक जोडा, वर स्लीव्ह चढवा, एका टोकाला चासीला लावायचा चिमटा आणि दुसऱ्या टोकाला लांब प्लास्टिक मुठीचा प्रोब. ४० मायक्रोफॅरडला बावीस-पंचवीस सेकंद धरलं की तो रिकामा होतो. मग मीटरने खात्री. चालू स्कोपमध्ये हात घालायची वेळ आलीच तर दुसरा हात खिशात.

मागची दोन पिनची वायर काढून टाका आणि तीन पिनची लावा, अर्थिंग थेट चासीच्या बोल्टला. ती अर्थ कुणाच्याही सांगण्यावरून कापू नका. आणि लक्षात ठेवा, प्रोबचा काळा चिमटा म्हणजेच चासी. तो मेनला जोडलेल्या सर्किटला लावायचा नाही.

आता डोळे आणि नाक. मेण वितळून बाहेर आलेले कागदी कंडेन्सर, फुगलेले इलेक्ट्रोलिटिक, काळवंडलेले रेझिस्टन्स शोधा. मोबाइलवर भरपूर फोटो काढा. प्रत्येक व्हॉल्व्ह काढताना त्याच्या सॉकेटशेजारी नंबर लिहा. माझ्यात १२एयू७ आणि ६एयू६ जास्त होते. १२एयू७ म्हणजेच ईसीसी८२. बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) छापाचे अजून जुन्या दुकानांच्या खणात निघतात.

कागदी कंडेन्सर तपासत बसू नका. सरसकट बदला, ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर घाला. हायव्होल्टेजला १,६०० किंवा २,००० व्होल्टचे. इलेक्ट्रोलिटिक नवे घेताना १०५ अंशांचे घ्या. खान्देशात मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीत असतं, त्यात वर व्हॉल्व्हची धग. आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) ५वाय३ सारखा व्हॉल्व्ह असेल तर पहिला फिल्टर कंडेन्सर मूळ किमतीपेक्षा मोठा घालायचा मोह आवरा. स्विच लावताच येणाऱ्या चार्जिंग करंटने तो व्हॉल्व्ह मरतो.

एक कंडेन्सर मात्र हमखास नजरेतून सुटतो. स्वीपकडून (ठिपक्याला डावीकडून उजवीकडे पळवणाऱ्या सर्किटकडून) ट्यूबच्या ग्रिडकडे जाणारा, परतीची रेघ विझवणारा. दिसायला तो एका पायरीकडून दुसरीकडे सिग्नल नेणाऱ्या साध्या कपलिंगसारखा, पण त्याचं एक टोक दोनशे व्होल्टवर आणि दुसरं उणे अकराशेवर असतं. मी त्याला ६३० चा घातला. तीन मिनिटं चालला. मग फट्ट आवाज, करपट वास, आणि स्वीपचा व्हॉल्व्ह त्याच्याबरोबर गेला.

ठिपका

सिरीज बोर्ड काढा, म्हणजे मेनच्या वाटेत बल्ब घातलेला बोर्ड. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्बच हवा, एलईडी उपयोगाचा नाही. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स चाळीसेक ओहम असतो, पूर्ण पेटला की पाचशेच्या वर जातो. म्हणजे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. पण सिरीज बल्ब तुम्हाला वाचवत नाही, झटका तेवढाच बसतो.

पहिली फेरी सगळे व्हॉल्व्ह काढून, ट्यूबचं सॉकेटही सोडवून. बल्ब जवळजवळ विझलेला राहिला पाहिजे. पेटला तर ट्रान्सफॉर्मरचे फेरे शॉर्ट आहेत, तिथेच थांबा. दुसरी फेरी रेक्टिफायर सोडून बाकी व्हॉल्व्ह लावून: हीटर लालसर होतात, बल्ब थोडा पिवळा होतो. तिसऱ्या फेरीत साडेतीनशेचा रेक्टिफायर. बल्ब क्षणभर उजळून खाली बसला तर उत्तम. चढतच राहिला तर एखादा कंडेन्सर करंट पीत आहे. हायव्होल्टेजचा रेक्टिफायर अगदी शेवटी, ट्यूबचं सॉकेट परत लावून.

बाराशे व्होल्ट साध्या मल्टिमीटरने थेट मोजू नका. १० मेगओहमचे दहा रेझिस्टन्स एका प्लास्टिक नळीत रांगेने भरा आणि मीटरच्या आधी जोडा. मीटर स्वतः १० मेगओहमचा असेल तर अकरावा भाग दिसतो: १०९ वाचलं की समजा १,२००. स्कोप बंद असताना जोडा, मग चालू करा, हात लांब, वाचा, बंद करा.

आता सिरीज बल्ब काढून थेट लावा. ब्राइटनेस सगळ्यात कमी, स्वीपचा स्विच बाहेरच्या इनपुटवर, दोन्ही पोझिशनची (ठिपका सरकवायची) बटणं मधोमध. मिनिटभर थांबा आणि ब्राइटनेस हळूहळू वाढवा. ठिपका दिसला की लगेच मंद करा. स्थिर, उजळ ठिपका काही सेकंदांत फॉस्फर (पडद्याचा चमकणारा थर) जाळतो आणि तो डाग कायमचा. माझ्या पडद्यावर मधोमध तसा डाग आहे. तो माझ्या आधीच्या कुणीतरी केलाय.

ठिपका दिसत नसेल तर ट्यूब मेली असं धरू नका. बहुतेक वेळा तो पडद्याबाहेर गेलेला असतो. सेंटिमीटरला २० व्होल्ट हे आठवा: जोडीतल्या दोन प्लेटांमध्ये १४० व्होल्टचा फरक पडला की ठिपका सात सेंटिमीटर सरकून काचेबाहेर. स्कोप बंद करा, कंडेन्सर रिकामे करा, वर-खालीच्या दोन प्लेटा वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा, तशाच आडव्याही. ॲम्प्लिफायर थेट जोडलेला असला तरी याने काही बिघडत नाही, दोन ॲनोड सारख्या व्होल्टेजवर येतात एवढंच. आता चालू केल्यावर ठिपका मध्याजवळ आला तर ट्यूब आणि हायव्होल्टेज ठीक, दोष ॲम्प्लिफायरच्या तोल जाण्यात.

माझा ठिपका आला, पण वाटाण्याएवढा. फोकस एका टोकाला नेला तरी बारीक होईना. फोकस आणि ब्राइटनेसचे पॉट (फिरवून बदलायचे रेझिस्टन्स) एकाच लांब साखळीत असतात. उणे बाराशेपासून चासीपर्यंत रेझिस्टन्सची माळ, एकूण २.४ मेगओहम, वाहणारा करंट अर्धा मिलिअँपिअर. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातात. माळेतला १ मेगओहमचा माझ्याकडे १.८ झाला होता, त्यामुळे फोकसचं योग्य व्होल्टेज पॉटच्या आवाक्याबाहेर गेलेलं. बदलताना एक मेगओहमचा एकच रेझिस्टन्स घालू नका. ३३० किलोओहमचे तीन घाला. पाव वॅटचा साधा रेझिस्टन्स अडीचशे व्होल्टच्या पुढे धोक्यात असतो, वॅटचा हिशोब बरोबर असला तरी.

ठिपका आडवा बारीक होतो तेव्हा उभा जाड दिसत असेल, तर शेवटच्या ॲनोडचं व्होल्टेज प्लेटांच्या सरासरी व्होल्टेजशी जुळत नाही. त्याचा पॉट असतो, बहुधा आत लपवलेला. आणि ठिपक्याऐवजी छोटी तिरकी रेघ दिसत असेल तर ते ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. म्हणूनच ट्यूबभोवती म्यू-मेटलचं (चुंबकत्व अडवणाऱ्या धातूचं) कवच असतं आणि ट्रान्सफॉर्मर ठरावीक कोनात बसवलेला असतो. तो काढून परत लावताना फिरवू नका. बंद स्कोपचं कवच उतरवून भाच्याला एक खेळ दाखवला. स्कोप उत्तरेकडे तोंड करून चालू केला, ठिपक्याची जागा पेनाने काचेवर खुणावली, मग अख्खा स्कोप पूर्वेकडे वळवला. ठिपका सेंटिमीटरभर सरकला. बाराशे व्होल्टच्या मऊ किरणाला पृथ्वीचं चुंबकत्वही वाकवतं.

रेघ

ठिपक्याची रेघ करायची तर आडव्या प्लेटांवर करवतीच्या दात्यासारखं व्होल्टेज हवं: एकसारखं चढणारं, मग झटकन खाली पडणारं. मूळ कल्पना हौदाची. कंडेन्सर सावकाश भरायचा, एका पातळीला आला की एकदम रिकामा करायचा. सर्वात जुन्या स्कोपमध्ये रिकामं करायचं काम ८८४ सारखा वायू भरलेला व्हॉल्व्ह करी. ग्रिडने ठरवलेल्या व्होल्टेजला तो पेट घेतो आणि कंडेन्सर शॉर्ट करतो. पण वायूला विझायला वेळ लागतो, त्यामुळे फार वरच्या फ्रिक्वेन्सीला तो पळत नाही. नंतरच्या स्कोपमध्ये तिथे १२एयू७ चा मल्टिव्हायब्रेटर (आलटून-पालटून चालू-बंद होणारी जोडी) आला.

भरण्याची गत एकसारखी हवी, नाहीतर पडद्याच्या डाव्या बाजूच्या लाटा रुंद आणि उजवीकडच्या दाटलेल्या दिसतात. रेझिस्टन्समधून कंडेन्सर भरला तर सप्लायच्या दहाव्या हिश्शापर्यंत पोचेतो वेग दहा टक्के घटलेला असतो. म्हणून एक तर थोडंच भरून पुढे ॲम्प्लिफायरने वाढवायचं, नाहीतर करंट स्थिर ठेवायचा. हिशोब असा: ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १० मिलिसेकंदात १०० व्होल्टपर्यंत न्यायचा तर ०.१ मिलिअँपिअर लागतो. त्याच करंटला ०.००१ चा कंडेन्सर लावला की एक मिलिसेकंद. टाइमबेसच्या (स्वीपचा वेग ठरवणाऱ्या) स्विचवर जी कंडेन्सरची माळ दिसते ती हीच. रेघ एका रेंजला येते आणि दुसऱ्याला नाही, तर दोष त्या रेंजच्या कंडेन्सरमध्ये किंवा स्विचच्या काळवंडलेल्या पात्यांमध्ये. मी आधी स्विच साफ करतो; निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

लाट स्थिर कशी दिसते? स्वस्त स्कोपमध्ये स्वीप आपल्या मनाने पळत असतो आणि सिग्नलचा थोडा अंश त्याला ढोसतो, तेव्हा तो लाटेशी पाऊल जुळवतो. हे ढोसणं ठरवणारा सिंकचा पॉट जास्त फिरवला की लाट वेडीवाकडी होते, म्हणून जेमतेम धरेल इतकाच. खरा उपाय ट्रिगर: सिग्नल ठरावीक पातळी ओलांडेल तेव्हाच स्वीप सुटायचा, एक फेरी मारून पुन्हा वाट बघायची. अमेरिकेत पोर्टलंडला १९४६ मध्ये हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी टेक्ट्रॉनिक्स कंपनी सुरू केली आणि १९४७ मध्ये ५११ हा ट्रिगरवाला स्कोप बाजारात आणला. त्याच वर्षी हीथकिट या अमेरिकी कंपनीने महायुद्धातून उरलेली ५बीपी१ ट्यूब घालून हौशी लोकांसाठी जोडणीचा स्कोप विकायला काढला. माझं भंगारातलं धूड या दुसऱ्या, स्वस्त कुळातलं. चुकून कुणाला टेक्ट्रॉनिक्सचा सापडलाच, तर आतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या पट्ट्यांवर साधं सोल्डर वापरू नका. चांदी मिसळलेलं लागतं, नाहीतर पट्टीवरचा धातूचा थर उखडतो.

लाट

प्लेटांना सेंटिमीटरमागे २० व्होल्ट हवेत. आपल्याला सेंटिमीटरमागे २० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. म्हणजे हजार पट वाढ. रेडिओवाल्याला हजार पट म्हणजे काहीच नाही, पण इथे ती सपाट हवी, डीसीपासून लाखो हर्ट्झपर्यंत.

शेवटची पायरी नेहमी जोडीने चालते. एका व्हॉल्व्हचा ॲनोड वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली, म्हणून १६० व्होल्टचा हेलकावा प्रत्येकी ८० मध्ये विभागतो आणि दोन्ही प्लेटांची सरासरी जागेवर राहते. सरासरी हलली असती तर फोकसही हलला असता.

आता अडचण. ॲनोड, सॉकेट, वायर आणि प्लेट मिळून २० पिकोफॅरडचा एक न मागितलेला कंडेन्सर तयार होतो. ॲनोडचा रेझिस्टन्स २२ किलोओहम असेल तर ३६० किलोहर्ट्झला लाट ढासळायला लागते. तो ४.७ केला तर जवळपास १.७ मेगाहर्ट्झ मिळतात. पण ४.७ किलोओहमवर ८० व्होल्ट पाडायला १७ मिलिअँपिअरचा हेलकावा लागतो: मोठा व्हॉल्व्ह, जास्त उष्णता, मोठा ट्रान्सफॉर्मर. अठरा किलो कुठून आले ते कळलं? ॲनोडच्या रेझिस्टन्सला लागून एखादी छोटी कॉइल दिसली तर ती काढू नका, सपाट वाढीची मर्यादा (बँडविड्थ) तीच थोडी ताणते. आणि प्लेटांकडे जाणाऱ्या वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून एकत्र बांधू नका. कारखान्याने त्या हवेत लोंबत्या सोडल्यात त्या मुद्दाम.

पहिला सिग्नल म्हणून ६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा. ६ व्होल्टच्या साइन लाटेची टोकापासून टोकापर्यंत उंची १७ व्होल्ट, आणि एक फेरा २० मिलिसेकंदांचा. उभं आणि आडवं दोन्ही माप यावर ताडता येतं. रिकामा ट्रान्सफॉर्मर छापलेल्यापेक्षा जास्त देतो, म्हणून आधी मीटरने मोजा आणि २.८३ ने गुणा.

मग इनपुटचा ॲटेन्यूएटर, म्हणजे मोठा सिग्नल लहान करणारा भाग. दहाला एक करायला वर ९०० किलोओहम, खाली १०० किलोओहम. नुसते रेझिस्टन्स ठेवले तर खालच्या बाजूची भटकी कपॅसिटी जलद सिग्नल खाते. म्हणून प्रत्येकाला कंडेन्सर समांतर असतो आणि दोन्हीकडे रेझिस्टन्स गुणिले कंडेन्सर सारखं यायला हवं: खाली ९० पिकोफॅरड असेल तर वर १०, दोन्ही बाजूंना ९ मायक्रोसेकंद. वरचा बहुधा ट्रिमर असतो, स्क्रूने बदलता येणारा कंडेन्सर. तो लावायला चौकोनी लाट लागते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ५५५ नंबरच्या आयसीने एक किलोहर्ट्झची केली तरी पुरे. व्हॉल्व्हच्या स्कोपला आयसीने सूर लावायचा, चालायचंच. लाटेचा कोपरा गोलावला असेल तर ट्रिमर घट्ट करा, शिंग फुटलं असेल तर सैल. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, कारण लोखंडी नुसता जवळ नेला तरी लाट बदलते. कोपरा चौकोनी, पण माथा उजवीकडे उतरता दिसत असेल तर तो ॲटेन्यूएटरचा दोष नाही, कपलिंग कंडेन्सर हलकी फ्रिक्वेन्सी अडवतोय. तोच कंडेन्सर पुढच्या ग्रिडवर डीसी गळू देत असेल तर पोझिशनचा पॉट फिरवूनही रेघ मधोमध येत नाही.

रेघ सरकते तेव्हा

स्कोप लावल्यावर अर्धा तास कुठलंही माप घेऊ नका. हीटर, ॲनोड, रेझिस्टन्स सगळे तापून स्थिरावेपर्यंत रेघ सरकत राहते. त्यानंतरही ती हलत असेल तर आधी एक व्हॉल्व्ह बोटाने हलकेच ठोका, मग दुसरा. ज्याला ठोकल्यावर उडते त्याचे सॉकेट साफ करा. इनपुटच्या १२एयू७ च्या पोटातले दोन अर्धे भाग सारखे म्हातारे झालेले नसतील तर तो १२एयू७ दुसऱ्या जागी टाका आणि तिथला इथे आणा. नवा घेण्याआधी ही अदलाबदल करून बघायला पैसे पडत नाहीत.

उरतं ते मेनचं व्होल्टेज. चांगल्या स्कोपमध्ये पॉझिटिव्ह सप्लाय ०ए२ सारख्या वायूच्या व्हॉल्व्हवर १५० व्होल्टला बांधलेला असतो. तो जांभळट पेटलेला दिसला पाहिजे आणि मेन खाली-वर झालं तरी विझता कामा नये. हीटर मात्र थेट मेनवरच असतात, आणि हीटर थंडावला की पहिल्या पायरीचा तोल ढळतो. बाहेरून स्टॅबिलायझर लावून बघितला. रिले कटकट करत टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलते आणि रेघ प्रत्येक टप्प्याला उडी मारते, त्यापेक्षा नसलेला बरा. मी हीटरचा डीसी सप्लाय अजून केलेला नाही. रात्री शिवारात थ्री-फेज आली, सगळ्यांचे पंप सुरू झाले की घरातलं व्होल्टेज बसतं आणि रेघ दोन मिलिमीटर खाली उतरते. भाचा सुट्टीला आला होता तेव्हा पडद्याकडे बघतच म्हणाला, "मामा, लाईट आली, मोटार चालू करायला सांगा."